माळ्यावरचा डबा

आमच्या डोंबिवलीच्या घरांत स्वयंपाकघराच्या माळ्यावर, पापडांचा पिंप आणि दिवाळीच्या कढया यांच्या मध्यें, पत्र्याचा एक डबा आहे. वजनानें तो पावणेदोन किलोंच्या आसपास भरेल. त्यांत सातूच्या सत्त्वाचा काकवीसारखा दाट, काळसर पाक आहे, आणि झांकणाखालीं यीस्टची एक लहानशी पुडी आहे. त्या पाकांत साखर आणि पाणी मिळवून वर ती पुडी सोडली, म्हणजे तीन आठवड्यांनीं तेवीस लिटर बिअर तयार होते, असें त्यावर छापलें आहे. हा डबा आमच्या घरीं येऊन दोन वर्षें झालीं. तो आम्हीं उघडला नाहीं, आणि टाकूनही दिला नाहीं. दर दिवाळीच्या साफसफाईंत तो खालीं येतो, पुसला जातो आणि पुन्हां वर जातो. तो कां उघडला नाहीं, हें एकदां नीट सांगावें म्हणून हा लेख लिहीत आहों.

प्रारंभींच सांगितलें पाहिजे कीं, आम्ही स्वतः मद्य घेत नाहीं. यांत आमचा पराक्रम कांहीं नाहीं. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असूं, १९३० सालीं सोळा वर्षांचे असतांना कल्याणास ताडीच्या दुकानापुढें निरोधनाला उभे राहिले होते. त्या घरांत वाढलेल्या मुलाला पेल्याकडे हात नेण्याचें धैर्यच होत नाहीं. म्हणून आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त इंग्लंडांत लीड्स येथें गेले आणि तेथें घरच्या घरीं बिअर करूं लागले, असें जेव्हां कानीं आलें, तेव्हां आम्ही दोघेंही दोन दिवस त्यांच्याशीं फोनवर जेवढ्यास तेवढेंच बोललों. पुढें एका उन्हाळ्यांत तीन महिने त्यांच्याकडे राहण्याचा योग आला, आणि ज्या गोष्टीचें नांव काढलें तरी आम्हांस संकोच वाटे, ती अगदीं जवळून पाहावयास मिळाली.

तेथें अशा सामानाचीं दुकानें असतात. चिरंजीव आम्हांस घेऊन गेले, तेव्हां किराणा दुकानांत तांदळाचे प्रकार मांडावेत तसे डबे ओळीनें मांडलेले आम्हीं पाहिले. कांहीं एका डब्याचे, कांहीं दोन डब्यांचे. एका डब्याच्या प्रकारांत किलोभर साखर आपण घरची घालावयाची. दोन डब्यांच्या प्रकारांत सत्त्वच दुप्पट असतें, साखर जवळजवळ लागतच नाहीं, आणि अर्थातच किंमतही चढते. कांहीं काळ्या बिअरचे, कांहीं गव्हाच्या, कांहीं सोनेरी रंगाच्या. या सोनेरी रंगाच्या जातीला आंबतांना दहा ते पंधरा अंशांची थंडी लागते, आणि ती थंडी देणें ज्याच्या घरीं शक्य नाहीं त्यानें चित्राला भुलून तो डबा घेऊं नये. स्वस्त डब्यांत तर नांव त्या जातीचें आणि यीस्ट मात्र उबेंत वाढणारें, असाही प्रकार बहुधा असतो. डब्यावरचें चित्र पाहण्याआधीं आपल्या घरांतला कोपरा पाहावा, हा निवडीचा पहिला नियम आम्ही तेथें शिकलों. मुलीला स्थळ पाहतांना वडील मंडळी जें सांगतात, त्याहून हें फारसें निराळें नाहीं.

पहिला डबा चिरंजीवांनीं छापील सूचनांबरहुकूम केला. एक किलो पांढरी साखर, तेवीस लिटरांच्या खुणेपर्यंत पाणी, वर पुडी. सात दिवस ती बादली जिन्याखालीं फसफसत होती. झांकणाला पाण्याची एक वांकडी नळी बसवलेली असते. तिच्यांतून वायु बाहेर जातो, पण हवा आंत येत नाहीं. रात्रीं घर निजलें म्हणजे तिचें बुडबुड ऐकूं येई. पुढें बाटल्या भरल्या, दोन आठवडे थांबले, आणि उघडल्यावर चिरंजीवांचा चेहरा उतरला. पेय पाणचट झालें होतें आणि त्याला एक आंबूस झांक आली होती. आमच्या सौभाग्यवतींनीं तें चाखलें नाहीं, चाखणें शक्यच नव्हतें; परंतु पेल्यावरचा फेंस क्षणांत नाहींसा झालेला पाहून त्या म्हणाल्या, "अरे, यांत धान्य आहेच कुठें? नाचणीच्या सत्त्वांत नाचणी चमचाभर आणि साखर वाटीभर घातलीस, तर लापशी कशी होईल?"

हें निदान अक्षरशः खरें होतें. सातू भिजवून, मोड आणून, वाळवला म्हणजे त्याचें माल्ट होतें. नाचणीचें सत्त्व करतांना आपल्या घरोघर हेंच करतात. त्या माल्टमधल्या गोडीचा कांहीं भाग यीस्टला पचतो आणि कांहीं भाग पचत नाहीं. न पचलेला तो भागच पेयाला अंग देतो. पांढरी साखर मात्र यीस्ट सगळीच्या सगळी खाऊन टाकतें. मागें राहतें तें मद्य आणि वायु, चव कांहींच राहत नाहीं. त्या दिवसापासून लीड्सच्या त्या स्वयंपाकघरांत एक विलक्षण देखावा दिसूं लागला. ज्या बाईनें जन्मांत बिअरचा थेंब चाखला नाहीं, ती ओट्याशीं उभी राहून मुलाला बिअर सुधारण्याचे धडे देत होती.

त्या सुधारणा आम्हीं वहींत टिपून ठेवल्या होत्या. त्यांतल्या मुख्य येथें देतों. साखरेच्या जागीं तेवढ्याच वजनाची माल्टची भुकटी घातली. पाणी तेवीस लिटरांऐवजीं वीसच लिटर केलें. भाजून रंग आलेलें अडीचशें ग्रॅम माल्ट मलमलीच्या पुरचुंडींत बांधून पासष्ट ते सत्तर अंशांच्या पाण्यांत अर्धा तास ठेवलें आणि तें पाणी डब्यांतल्या पाकांत मिळवलें. त्यानें रंग आणि खमंगपणा दोन्ही आलीं. हॉप्स नांवाच्या वेलीचीं कडवट फुलें बिअरमध्यें घालतात. त्यांचा कडूपणा डब्यांत आधींच उतरलेला असतो, पण सुवास आटवतांना उडून गेलेला असतो. म्हणून तीस ग्रॅम फुलें आंबण्याच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत न उकळतां तशींच सोडलीं. "म्हणजे वरून फोडणी," असें सौभाग्यवतींनीं त्याचें वर्णन केलें. एकदां त्यांनीं धने भरडून आणि संत्र्याची साल किसून घालावयास सांगितलें. सूनबाई हंसल्या, पण चिरंजीव म्हणाले कीं, बेल्जममध्यें गव्हाच्या बिअरमध्यें नेमकें हेंच घालतात.

दोन गोष्टींत मात्र सौभाग्यवतींना शिकवण्यासारखें कांहीं नव्हतें. एक, स्वच्छता. बादली, चमचा, नळी, बाटल्या, सारें जंतुनाशक पाण्यांतून काढावयाचें, आणि नंतर त्याला कोणीं हात लावावयाचा नाहीं. लोणच्याच्या बरणीचें सोवळें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना हें निराळें सांगणें नको. दुसरी, धीर. हायड्रोमीटर नांवाची कांचेची नळी त्या द्रवांत तरंगत ठेवतात. आरंभीं ती १.०४० दाखवते आणि शेवटीं १.०१० च्या आसपास येते. दोन्ही आंकड्यांतील अंतराला १३१ नें गुणलें म्हणजे मद्याचें शेंकडा प्रमाण येतें. या उदाहरणांत तें चारांच्या आसपास भरतें. हा आंकडा लागोपाठ दोन दिवस स्थिर राहिल्याखेरीज बाटल्या भरूं नयेत, नाहींतर वायूच्या दाबानें त्या फुटतात. आणि एका खेपेस एकच बदल करावा. चार बदल एकदम केले तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हें कळत नाहीं. हा नियम बिअरपुरताच आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

तीन महिन्यांत आमचा संकोच गेला, असें म्हणतां यावयाचें नाहीं. पण कुतूहलानें त्याला मागें सारलें हें खरें. डबा म्हणजे दुसऱ्यानें अर्ध्यावर आणून ठेवलेलें काम. सातू भिजवणें, मोड आणणें, उकळणें, आटवणें हें सारें कारखान्यांत झालेलें असतें. ती पुडीसुद्धां मोठ्या शोधाचें फळ आहे. पाश्चरनें १८७६ सालीं बिअरवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १८८३ सालीं कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेंत हॅन्सेन यानें यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी वाढवून दाखवली. त्यापूर्वीं काय आंबेल आणि काय बिघडेल हें दैवाधीन होतें. एवढें सारें दुसऱ्यांनीं केल्यावर गृहस्थाच्या वांट्याला थोडेंच उरतें. पण घराची चव त्या थोड्यांतच असते. विकतच्या भाजणीची चकली प्रत्येक घरीं निराळी कां होते, हें ज्याला ठाऊक आहे त्याला हें पटेल.

असो. दोन वर्षांपूर्वीं पौषांत चिरंजीव महिनाभर डोंबिवलीस आले, तेव्हां त्यांच्या सामानांत हा डबा होता. डोंबिवलीस बिअर होईल काय, हा प्रश्न ते वर्षभर घोळवीत होते. अडचण उन्हाची. साधें यीस्ट वीस अंशांच्या आसपास सुखी असतें. आमच्या घरांत वैशाखांत पारा पस्तिशीला टेकतो, आणि त्या उष्णतेंत तें असें कांहीं निर्माण करतें कीं पेयाला उग्र वास येतो आणि पिणाराचें डोकें दुखतें. यावर त्यांनीं उपाय शोधून आणला होता. डब्याच्या झांकणाखालची पुडी बाजूला ठेवून तिच्या जागीं क्वेइक नांवाची नॉर्वेंतल्या शेतकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या जपलेली जात वापरावयाची. ती पस्तीस ते चाळीस अंशांवरही निकोप काम करते. बर्फाच्या मुलखांतलें यीस्ट डोंबिवलीच्या उन्हाळ्याला साजेसें निघावें, याचें आम्हांस मोठें नवल वाटलें. झांकणाची नवी बादली आली. मलमल धुऊन वाळत पडली. बादली न्हाणीघराच्या कोपऱ्यांत ठेवावयाचें ठरलें. मग आम्हीं विचारलें, "पण येथें हें कायद्यांत बसतें काय?"

बसत नाहीं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, जो आतां महाराष्ट्राच्या नांवानें ओळखला जातो, परवान्यावांचून कोणतेंही मद्य तयार करण्यास मनाई करतो. तें विकण्यासाठीं केलें कीं घरीं पिण्यासाठीं केलें, असा भेद त्यांत नाहीं. दुकानांतून बाटली आणतां येते, हॉटेलांतही परवाना घेऊन बिअर गाळतां येते. पुण्यास २००९ सालीं डूलाली नांवाची अशी लहान मद्यशाळा निघाली. पण घरच्या बादलींत ती करतां येत नाहीं. चिरंजीवांना हें ठाऊक होतें. ते हंसून म्हणाले, "बाबा, चौथ्या मजल्यावर कोण येणार आहे बघायला?"

त्यांच्या मनांत कांहीं वांकडें नव्हतें, आणि त्यांचें म्हणणें खोटेंही नव्हतें. कोणी आलें नसतें. पण त्या एका वाक्यानें आम्हांस साठ वर्षें मागें, कल्याणच्या आमच्या जुन्या घराच्या ओटीवर नेऊन बसवलें.

साल १९६१ असावें; आम्ही नऊ-दहा वर्षांचे होतों. मुरबाडच्या बाजूनें एक ठाकरीण आमच्याकडे येत असे. उन्हाळ्यांत करवंदें, पावसाच्या तोंडावर शेवळें, एरव्हीं जळणाची मोळी. त्या वर्षीं वैशाखांत ती रिकाम्या डोक्यानें आली आणि ओटीखालीं बसून राहिली. तिच्या नवऱ्याला पोलिसांनीं नेलें होतें. झोंपडींत मोहाच्या फुलांचे दोन हंडे आंबत घातलेले सांपडले होते. "मास्तर, लगनासाठी ठेवलेली व्हती, इकायला न्हाई," एवढें एकच वाक्य ती पुन्हां पुन्हां म्हणत होती. अण्णांनीं, ज्यांनीं तरुणपणीं ताडीच्या दुकानापुढें शिव्या खाल्ल्या होत्या त्या अण्णांनीं, चष्मा लावला, दौत पुढें ओढली आणि तिचा अर्ज लिहून दिला. अर्जाचा उपयोग झाला नाहीं. तिचा नवरा कित्येक महिने तुरुंगांत होता, आणि त्या पावसाळ्यांत त्याची भाताची लावणी झाली नाहीं. त्याच काळांत डॉक्टरांचा दाखला आणणाऱ्या सुस्थितींतल्या गृहस्थांना घरीं बाटली ठेवण्याचा परवाना मिळत असे. आमच्या आळींतल्या एकांकडे तो होता, आणि ते अण्णांचे मित्र होते. त्या रात्रीं जेवतांना अण्णा म्हणाले, "दारू वाईटच. पण वाईट काय आहे तें हंड्यावरून ठरलें पाहिजे, घरावरून नव्हे."

पुढें मोठेपणीं वाचतां वाचतां कळलें कीं, ही गोष्ट १९४९ च्याही फार पूर्वींची आहे. आमच्या ठाणें जिल्ह्यांत ताडी आणि मोह ह्या डब्यावांचून होणाऱ्या वस्तु. ताडी झाडावरून उतरतांनाच आंबूं लागते. तिला पुडी लागत नाहीं, सूचना लागत नाहीं. १८७८ सालीं मुंबई इलाख्यांत अबकारी कायदा झाला. ताडी काढावयास परवाना आणि झाडागणिक कर लागला, आणि मोहाची दारू उरणच्या भट्ट्यांतून मक्तेदारांमार्फत विकत घेणें भाग पडलें. तरीही लोक घरीं गाळतात म्हणून १८९२ सालीं खास ठाणें आणि कुलाबा ह्या जिल्ह्यांसाठीं मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा आला. जें फूल टंचाईंत माणसें खात, तें घरांत सांठवणें हाच संशयाचा विषय झाला. सरकारला तेव्हां लोकांच्या नीतीपेक्षां महसुलाची काळजी अधिक होती. गंमत अशी कीं, त्याच सुमारास, १८८० सालीं, इंग्लंडांतही घरीं बिअर करणारावर परवाना बसला. तेथें तो १९६३ सालीं उठला, आणि त्यानंतर त्या डब्यांचीं दुकानें बहरलीं. अमेरिकेंत अध्यक्ष कार्टर यांनीं १९७८ सालीं घरगुती बिअरला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली. आमच्याकडे हंडा होता तेथेंच राहिला.

याचा अर्थ दारूबंदीला कारणच नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. २०१५ सालीं मालाडच्या मालवणींत विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें मेलीं. तिच्यांत मिथेनॉल होतें, आणि मेलेलीं बहुतेक सारीं गरिबाघरचीं होतीं. ज्या घरांत पगाराचा दिवस म्हणजे धाकाचा दिवस, तेथल्या बायकांनीं दारूबंदी मागितली तर ती मागणी पुस्तकी म्हणून उडवून लावण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आमची अडचण निराळी होती. न्हाणीघरांतली ती बादली आणि मुरबाडच्या झोंपडींतले ते हंडे यांत फरक कोणता, याचें उत्तर आम्हांस देतां येत नव्हतें. एकींत सातू, दुसऱ्यांत मोह, दोन्ही घरच्यांसाठीं, दोन्ही परवान्यावांचून. फरक एवढाच कीं, झोंपडीला चौथा मजला नव्हता.

आम्हीं चिरंजीवांना ही गोष्ट सांगितली. त्यांनीं ती पूर्वीं कधीं ऐकली नव्हती. आम्हींच कधीं सांगितली नव्हती. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे कायदा असमान आहे असें तुम्हीच म्हणतां, आणि तो पाळायला मला सांगतां तेंही तुम्हीच." या बोलण्याला आमच्यापाशीं पुरतें उत्तर नव्हतें, आजही नाहीं. आम्हीं एवढेंच म्हटलें कीं, लीड्सला तुझी बिअर आम्हीं मुकाट्यानें पाहिली, वहींत टिपलीसुद्धां; तेथें ती शेजाऱ्याच्याही घरीं होऊं शकते. येथें ती फक्त आपल्या घरीं होऊं शकते. जें आपल्याला छंद म्हणून पचतें आणि दुसऱ्याला गुन्हा म्हणून भोगावें लागतें, तें अण्णांच्या घरांत नको. ते कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं मलमलीचा तुकडा काढून आईला दिला आणि डबा स्वतःच माळ्यावर ठेवला. त्या बादलींत आतां आम्ही गहूं ठेवतों.

ते परत गेल्यापासून त्यांचे प्रयोग लीड्सला चालूच आहेत. दर रविवारीं फोन येतो. बादलीचा आंकडा किती उतरला, फेंस कसा आहे, हें ते आईला सांगतात, आणि आई डोंबिवलीच्या ओट्याशीं इडलीचें पीठ वाटतां वाटतां त्यांना सांगते कीं, थंडी वाढली असेल तर बादलीला कांबळें गुंडाळ. मागच्या महिन्यांत त्यांनीं आम्हांस फोनवर बोलावून अण्णांच्या त्या अर्जाची प्रत घरांत कोठें आहे काय, असें विचारलें. नाहीं, ती त्या बाईबरोबरच गेली.

यंदाच्या दिवाळींत डबा खालीं आला, तेव्हां त्यावरची तारीख उलटून गेलेली दिसली. आंतला पाक कदाचित् टिकला असेल. पुडींतलें यीस्ट बहुधा आतां जिवंत नसेल. सौभाग्यवतींनीं तो ओल्या फडक्यानें पुसला, कोरड्यानें पुसला, आणि स्टुलावर चढून विचारलें, "ठेवूं ना वर?"

आम्ही म्हणालों, "ठेव."